हजेरीची गोळी

आमच्या पार्लरमध्ये तिला सगळे कात्री म्हणतात. हात आणि जीभ सारख्याच वेगाने चालतात म्हणून. हे नाव मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, सोळा वर्षांपूर्वी ठेवलं. ती कामाला लागली त्याच आठवड्यात. मी वयाने दहा वर्षांनी लहान, म्हणून माझ्यासाठी कात्रीताई. साहित्यातली पदवी घेऊन मी इथे काउंटरवर बसते. फोन घेते, गिऱ्हाइकांच्या वेळा वहीत लिहिते. आमची मैत्री दुपारच्या रिकाम्या तासात झाली.

ती केसांना नुसता हात लावून सांगते, हा रंग घरी लावलाय की दुकानात, आणि किती वेळा. एकदा एक बाई नटीचा फोटो घेऊन आल्या. "असे करून दे." ताईने फोटो बघितला, बाईंकडे बघितलं. "केस होतील असे. पुढचं मी काही करू शकत नाही." बाई हसल्या. अजूनही तिच्याकडेच येतात.

पस्तिसाव्या वर्षी तिने ठरवलं, आता मूल. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नाला चार वर्षं झाली होती. आधी घर लावायचं होतं, मग नवऱ्याचा हात मोडला, मग आणखी काहीतरी. "आता थांबायचं नाही," ती म्हणाली. पण रंग लावण्याआधी कानामागे एक थेंब लावून बघणारी बाई ती. आधी डॉक्टरांकडे गेली. सगळं ठीक आहे ना, एवढंच विचारायला.

सगळं ठीक होतं. फक्त थायरॉइडचा एक आकडा जास्त आला. टीएसएच सहा पॉइंट दोन.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. गळ्यातली ग्रंथी मंद चालते आहे. मेंदू तिला ओरडून काम सांगतो. तो ओरडा म्हणजे हा आकडा. ओरडा मोठा, तर काम कमी. ओरडा अगदीच थांबला, तर काम गरजेपेक्षा जास्त चाललंय.

"मॅडमसारखं," ताईने मला सांगितलं. "त्या ओरडल्या की समजायचं, कुणीतरी काम सोडून खुर्चीत बसलंय."

मूल हवं असेल तर आकडा अडीचच्या खाली आणायचा. रोज पहाटे उपाशीपोटी पन्नासची गोळी. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. रक्त द्यायच्या दिवशी गोळी आधी घ्यायची नाही, नंतर घ्यायची. आकडा खाली आला की सुरुवात करा.

"सहा आठवडे," ताई म्हणाली. "सोळा वर्षं लोकांची डोकी धुतली. सहा आठवडे काय चीज आहे."

त्याच महिन्यात पार्लरमध्ये केसांच्या गोळ्यांच्या बाटल्या आल्या.

आमच्या मॅडमचा एक नियम आहे. जे विकायचं ते आधी स्वतःवर. शाम्पू आला, आमची डोकी. क्रीम आलं, आमची तोंडं. गिऱ्हाइकाने विचारलं तर "मी स्वतः वापरते" हे खरं असलं पाहिजे. म्हणून रोज नऊ वाजता शटर वर गेलं की मॅडम दारात उभ्या राहून प्रत्येकीच्या तळहातावर एक गोळी ठेवायच्या. समोर गिळायची. उशिरा आलेलीला उशिरा. आम्ही तिला हजेरीची गोळी म्हणायचो. बाटलीवर मोठ्या अक्षरांत दहा हजार असं लिहिलेलं होतं. कशाचे दहा हजार, ते बारीक अक्षरांत होतं. मॅडमना मोठी अक्षरं पुरेशी होती.

"दहा हजार! ताकद बघा."

शेल्फवर लावायची पाटी मी लिहिली. मॅडम म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, काहीतरी छान लिही. मी लिहिलं: औषध नव्हे, केसांचा खुराक. त्यांना फार आवडलं.

सहा आठवडे झाले. मोठी लॅब पार्लरच्या समोरच आहे. सकाळची गर्दी ओसरली की अकराच्या सुमाराला ताई रस्ता ओलांडून गेली. गळ्यात एप्रन तसाच. पर्समध्ये थायरॉइडची गोळी कागदात बांधून नेली, रक्त दिल्यावर घ्यायला. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला. शून्य पॉइंट शून्य चार.

आम्ही दोघींनी तो तीनदा वाचला. सहावरून एकदम तळाला. टी-फोर नावाचा दुसरा आकडा होता, तो वर गेलेला. त्याच्यापुढे लाल बाण.

"गोळी जास्त होतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पन्नासची पंचवीस केली. सहा आठवडे.

पुन्हा अकराला समोर. शून्य पॉइंट शून्य सहा.

गोळी बंद. सहा आठवडे.

या काळात ताई बदलायला लागली. पंखा बंद करा म्हणायची. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून केस कापायची. दुपारी फेशियलच्या पलंगावर आडवी व्हायची ती उठायचीच नाही. सकाळी डोळ्यांखाली सूज. वजन चार किलो वाढलं. जीभही मंद झाली, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. एका बाईंनी पुन्हा कुणाचा तरी फोटो दाखवला, तर ताई नुसतं "बरं" म्हणाली.

घरी वेगळीच तऱ्हा. सासूबाई दर रविवारी फोन करायच्या. हालहवाल नाही, थेट, "आकडा काय म्हणतो?" मॅचचा स्कोअर विचारावा तसं. नवरा भला माणूस. त्यांचं एकच उत्तर. "होईल गं."

"लिफ्ट अडकली तर आतल्या माणसांना असंच सांगता का?" ताईने विचारलं.

"हो," ते म्हणाले. "आणि मग काढतोच ना बाहेर."

"इथे कोण काढणार आहे?"

ते उठून चहा करायला गेले. हे तिनेच मला सांगितलं. सांगताना हसली नाही.

तिसरा रिपोर्ट आला तेव्हा नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून डॉक्टरांकडे मी सोबत गेले. शून्य पॉइंट शून्य पाच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"गोळी पूर्ण बंद आहे ना?"

"सहा आठवडे हातसुद्धा लावला नाही."

"मग ग्रंथी आपणहून जास्त काम करतेय. आधी मंद होती, आता उलटं झालंय. होतं कधी कधी असं. गुरुवारी गळ्याचा स्कॅन करून घ्या. मी मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. बहुतेक त्या आजाराच्या गोळ्या लागतील. वर्ष, दीड वर्ष."

"आणि मूल?"

"तोपर्यंत नको. त्या गोळ्यांवर असताना धोका घ्यायचा नाही."

ताईने भिंतीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "डॉक्टर, मी तुमच्या भिंतीवरचा तक्ता वाचला. त्या आजारात वजन उतरतं, गरम होतं, छाती धडधडते. माझं वजन वाढलंय. मला थंडी वाजते."

"आकडा तसं म्हणत नाही."

"आकड्याला नाही हो वाजत थंडी. मला वाजते."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. बाहेर पंधरा बायका बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "दुसरं काही औषध घेता?"

"नाही."

मी शेजारीच बसले होते. मला काही आठवलंच नाही.

रस्त्यावर येऊन ताई म्हणाली, "दीड वर्ष. म्हणजे साडेसदतीस. मग तपासण्या, मग पुन्हा सहा आठवडे. हे सहा आठवडे कुणी शोधून काढलेत? मला तो माणूस भेटायला हवा. त्याचा चकोट करते."

सोमवारी पार्लर बंद असतं. त्या सोमवारी तिने मला न सांगता एक काम केलं. घराजवळ एक छोटी लॅब आहे. एक खोली, दोन खुर्च्या, एक बाई. सकाळी साडेसातला तिथे जाऊन रक्त दिलं. संध्याकाळी मला फोन.

"नऊ पॉइंट चार."

"काय नऊ पॉइंट चार?"

"टीएसएच. नऊ पॉइंट चार. टी-फोर तळाला. गेल्या आठवड्यात शून्य, या आठवड्यात नऊ. मला सांग, माझ्या अंगात दोन बायका राहतात का? आणि राहत असतील तर मूल कुणाला होणार आहे?"

मी इतकंच विचारलं की कोणता रिपोर्ट खरा.

"ते कळलं असतं तर तुला फोन कशाला केला असता!"

मंगळवारी सकाळी आठला आम्ही दोघी त्या लॅबमध्ये. लॅबवाली बाई पन्नाशीची असावी. टेबलाशी बसून नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होती. ताईने मोठ्या लॅबचे तीन कागद आणि हिचा एक, असे चारही समोर आपटले.

"तुमचं मशीन चुकलंय."

चिकटपट्टी अर्धवट राहिली.

"माझं मशीन?"

"मोठ्या लॅबमध्ये तीनदा शून्य आलंय. तुमच्याकडे नऊ."

"रोज सकाळी सात वाजता मी या मशीनची परीक्षा घेते. माझ्या तोंडात चहा जायच्या आधी. कळलं? वीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नाही असं म्हणायची."

"मग आज झाली. आकडे बघा ना!"

बाई उठली. आमच्याकडे पाठ करून फ्रिज उघडला. कालची नळी शोधून पुन्हा मशीनला लावली. "बसा," म्हणाली. आम्ही बसलो. बराच वेळ गेला. मॅडमचा दोनदा फोन येऊन गेला. मी तो घेतला नाही. शेवटी कागद आला. नऊ पॉइंट तीन.

"आता बोल."

ताई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, पण तिने कपाळाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

तेव्हा ती बाई जरा निवळली. चारही कागद ओळीत मांडले. चष्म्यातून वाचत गेली. आकडे नाही, वरचा मजकूर.

"हे तिन्ही अकरा ते साडेअकरामध्ये घेतलेत. काल माझ्याकडे साडेसातला. काल सुट्टी होती तुझी?"

"सोमवार. पार्लर बंद असतं."

"पार्लर." बाईने मान वर केली. "अकराला रक्त देण्याआधी काय खाल्लं होतंस?"

"काही नाही. पाणी. थायरॉइडची गोळीसुद्धा नंतर घेतली. तिसऱ्या वेळी तर ती बंदच होती. हवं तर नवऱ्याला विचारा, उपाशी असले की मी घर डोक्यावर घेते."

"तोंडात काहीच गेलं नाही?"

"काहीच नाही."

"ताई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान वाटला. "हजेरीची गोळी."

"ती काय औषध आहे का?" ताई वैतागून म्हणाली. "तो माल आहे. दुकानातला."

"कसली गोळी?" लॅबवालीने विचारलं.

माझ्या फोनमध्ये शेल्फचा फोटो होता. मॅडमनी जाहिरातीसाठी काढायला लावला होता. बाटल्यांची रांग आणि वर माझ्या अक्षरातली पाटी. बाईने फोटो मोठा केला. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. मग पाटी वाचली. मग आम्हा दोघींकडे बघितलं.

"बायोटिन," ती म्हणाली. "दहा हजार मायक्रोग्रॅम. रोज?"

"रोज नऊला. सोमवार सोडून."

तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. बायोटिन हे एक जीवनसत्त्व आहे. काही मशीनांमध्ये रक्तातला हार्मोन पकडायला त्याचाच गळ वापरतात. रक्तातच त्याचा ढीग असला तर मोजणी फसते. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-फोर खोटा जास्त. हुबेहूब त्या उलट्या आजारासारखा कागद तयार होतो. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर फारच. सोमवारी गोळी नव्हती, म्हणून खरा आकडा आला.

"म्हणजे माझी थायरॉइड—"

"मंदच होती. मंदच आहे. त्यात तुझं औषध बंद केलं, म्हणून आणखी मंद झाली. तुला थंडी वाजत असेल."

"वाजते ना!" ताई ओरडली. इतक्या मोठ्याने की दारात आलेला म्हातारा परत बाहेर गेला. "तीन महिने सांगतेय मी, वाजते म्हणून!"

चार महिने मी रोज तिच्या शेजारी उभं राहून माझी गोळी गिळली होती. पाटी माझ्याच डोळ्यांसमोर होती.

"हे खरंच त्याचंच आहे, हे तुझ्या डॉक्टर ठरवतील," लॅबवाली म्हणाली. "गोळी बंद कर. तीन दिवसांनी त्याच मोठ्या लॅबमध्ये, त्याच वेळेला रक्त दे. आणि इथून पुढे कुणी औषध विचारलं तर मालही सांग."

दुपारी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाटलीचा फोटो बघितला. बराच वेळ पेन हातात फिरवत राहिल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला. दुसरं औषध घेता का."

"औषधच विचारलंत. मी खरं सांगितलं."

"हो," त्या म्हणाल्या. "यापुढे तोंडात काय काय टाकता असं विचारीन." मग त्यांनी गुरुवारच्या स्कॅनची चिठ्ठी परत मागितली आणि फाडली. शुक्रवारी अकराला समोरच्या मोठ्या लॅबमध्ये रक्त दिलं. नऊ पॉइंट आठ. पन्नासची गोळी पुन्हा सुरू.

"सहा आठवडे," त्या म्हणाल्या.

ताईने हात जोडले. नमस्कार म्हणून नव्हे.

पार्लरमध्ये त्या मंगळवारी संध्याकाळी जे झालं ते गिऱ्हाइकांनीही ऐकलं. मॅडमना आधी पटेना. जीवनसत्त्वाने कुणाचं काय बिघडतं? भाजीत असतं ते.

"भाजीत दहा हजार असतात का, मॅडम?"

"अगं पण तुझे केस बघ! चार महिन्यांत कसे झालेत. आरशात बघ तरी."

"केस मला आई म्हणणार आहेत का?"

मॅडमना स्वतःला दोन मुलं आहेत. त्यांनी बाटल्या शेल्फवरून काढल्या नाहीत. विकायच्या बंदही केल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून दारात तळहात पसरायला लावणं थांबलं. मी जुनी पाटी उतरवली. नवी लिहिली. रक्त तपासायचं असेल तर ही गोळी घेता हे डॉक्टरांना आधी सांगा. मॅडमनी ती वाचली. "यात काही छान नाही," म्हणाल्या, पण राहू दिली.

सहा आठवड्यांनी तीन पॉइंट चार.

यावेळी मात्र तिचा संयम पार संपला. तीन पॉइंट चार हा कागदावर नॉर्मल होता. लाल बाण नव्हता. लॅबच्या हिशेबाने ती धडधाकट बाई. पण मूल हवं असलेल्या बाईला अडीच पाहिजे. "एकाच कागदावर मी बरीही आहे आणि नाहीही," ती म्हणाली. "नऊ दशांशावर माझं घोडं अडलंय. केसाच्या जाडीएवढा फरक." डॉक्टरीणबाईंनी गोळी पंचाहत्तरची केली. पुन्हा तेच सहा आठवडे. मधे तिला छत्तीस पूर्ण झाली. केक आणू नका असा तिने दम दिला. कुणी आणला नाही.

पण स्वेटर सुटला. पंखा तिने स्वतःच लावला. एके दिवशी एक मुलगी म्हणाली, मला असे केस हवेत की कुणी बघतच राहावं. ताई म्हणाली, "मग अर्धेच कापते." मी वहीत मान घालून हसले. मला फार बरं वाटलं.

काल दुपारी रिपोर्ट आला. ती एका बाईंच्या केसांना रंग लावत होती. दोन्ही हातांत मोजे, मोज्यांवर काळा रंग. फोन माझ्याकडे होता.

"वाच."

"एक पॉइंट आठ."

"नाव वाच."

मी वाचलं.

"वय वाच. तारीख वाच. वेळ वाच."

मी सगळं वाचलं. रक्त साडेअकराला घेतलं होतं. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ते मला माहीत होतं, कारण सकाळपासून ती सगळ्यांवर खेकसत होती.

"आकडा परत वाच."

"एक पॉइंट आठ, ताई."

तिने ब्रश वाटीत ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण रंग वाळत होता. एक बट घेतली, मुळापासून टोकापर्यंत नीट लावली. डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. मी फोन तिच्या कानाला धरून उभी राहिले. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ती दोनदा "हो" म्हणाली. एकदा "पोटात राहिलं की लगेच रक्त, हो, कळलं." मग "नाही, माल बंद आहे." मग मान हलवली आणि मी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"सुरू करा म्हणाल्या."

खुर्चीतल्या बाईंनी आरशातून विचारलं, "काय सुरू करायचंय गं?"

"घरकाम," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "वही काढ. या आठवड्यात सहानंतरची माझी सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे दे."

मॅडम आतून आल्या. "सगळी? लग्नाच्या दोन आहेत त्यात."

"त्यांची होतायत ना लग्नं. माझं होऊन पाच वर्षं होतील."

"बरं, पण किती दिवस असं?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी झणझणीत येणार. पण ती नुसतं म्हणाली, "माहीत नाही हो मॅडम. आता ते कुठल्या कागदावर येत नाही."

मॅडमनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि सहाच्या पुढे त्यांनीच रेघ मारली.